मेंढीचा डावा कान

माझी मावशी स्टाइन्वोर हिला माणसांची नावं लक्षात राहत नसत. मला ती जन्मभर माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारत आली, आणि माझा नवरा म्हणजे "तो उंच". मेंढ्यांचे कान मात्र तिला तोंडपाठ. आमच्या खोऱ्यात प्रत्येक शेताची कानखूण वेगळी: कुणाच्या मेंढीच्या कानाचा शेंडा कापलेला, तर कुणाच्या कडेला खाच. खुणांचं छापील पुस्तक आहे, पण सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या उतरवून गोल मेंढवाड्यात ज्याच्या त्याच्या कप्प्यात निवडायला घेतल्या की पुस्तक उघडतं कोण? वाद झाला की मेंढी मावशीपुढे आणायची. ती कान बघून शेताचं नाव घ्यायची आणि विषय तिथेच संपायचा. पाद्रीबुवांचा शब्दसुद्धा आमच्याकडे इतका निमूटपणे कुणी ऐकत नाही.

एकच माणूस कुरकुरायचा, शेजारच्या शेतावरचा होस्कुल्दुर. दोघांच्याही मेंढ्यांच्या उजव्या कानाचा शेंडा कापलेला. फरक फक्त डाव्या कानात. मावशीच्या मेंढीचा डावा कान कोरा, त्याच्या मेंढीच्या डाव्या कानाला मागून खाच. "तुझ्या आजोबांना हीच खूण सापडली होती का रे?" असं मावशी त्याला दर सप्टेंबरात विचारायची. गेली अठरा वर्षं दोघांचं संभाषण तेवढंच होतं.

त्या वर्षी मावशी त्र्याहत्तरची होती. सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणाली, दोन गोळ्या गिळल्या, वर काळी कॉफी ओतली आणि सगळं खापर वाऱ्यावर फोडलं. मग मेंढवाड्यात उतरून शिंगं धरधरून मेंढ्या ओढायला लागली. तासाभरात तिच्या कप्प्यात होस्कुल्दुरच्या सात मेंढ्या जमा झाल्या.

तो लालबुंद होऊन आला. "स्टाइन्वोर, दिवसाढवळ्या चोरी? तीही पाद्रीबुवांच्या देखत?"

"कसली चोरी? शेंडा कापलाय. माझी आहे."

"अगं, डावा कान बघ की."

"बघितला. कोरा आहे."

मावशीने मेंढी दोन पायांत धरली होती, तोंड पुढे करून. त्याने तिचा डावा कान वर धरून हलवला. मावशी उजव्या कानाकडे बघत म्हणाली, "तेच सांगतेय मी."

लोक खो खो हसले. बाटली हातोहात फिरत होती, आणि म्हातारी यंदा होस्कुल्दुरची चांगलीच फिरकी घेतेय असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

होस्कुल्दुर मात्र हसला नाही. अठरा वर्षं त्याने या बाईवर वैऱ्याची नजर ठेवली होती, आणि तेवढं बारीक लक्ष आम्हा घरच्यांचंसुद्धा नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला. कोट फक्त उजव्या हातात घातलेला, डावी बाही मागे लोंबतेय. डाव्या बुटाची नाडी मोकळी. कठड्यावर तिची ताटली होती. त्यातली उजवीकडची रोटी संपलेली, डावीकडची वरच्या मटणासकट तशीच.

"ही खोटं बोलत नाहीये," तो मला हळूच म्हणाला. "हिला डावीकडचं काही कळतच नाहीये. माझ्या मेंढ्या चोरायच्याच असत्या तर हिने निदान चांगल्या निवडून चोरल्या असत्या."

मी गाडी काढली, पण मावशी बसेना. वाद मिटल्याशिवाय मी हलायची नाही, म्हणाली. तेव्हा होस्कुल्दुरने टोपी काढली. "बरं बाई, सातही तुझ्या. आता बस गाडीत."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "हा असा का बोलतोय?" तिने मला विचारलं. "मी मरतेय का?"

विमानाने तिला राजधानीत नेलं. कवटीच्या आत उजवीकडे एक गाठ वर्षानुवर्षं गपचूप वाढत होती. त्या सकाळी गाठीतली नस फुटली आणि आतल्या आत रक्त साचून मेंदूवर दाब आला. मेंदूची उजवी बाजू डावीकडचं जग सांभाळते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कवटी उघडावी लागेल, जिवाला धोका आहे, हेही सांगितलं. मावशी म्हणाली, "गाठीला खूण आहे का बघा, म्हणजे कुणाची ते सांगते." डॉक्टरीणबाई हसल्या. मी बाहेर जाऊन बाकावर ढसाढसा रडले.

गाठ साध्या जातीची निघाली आणि मावशी वाचली. पण डावीकडचं जग पूर्ण परतलं नाही. दाराच्या डाव्या चौकटीला ती अजून धडकते आणि वर चौकटीलाच दटावते. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला एकच घोर लागला होता: मेंढवाड्यात आता आपला शब्द कोण मानणार?

पुढच्या सप्टेंबरात तेच झालं. वाद झाले की लोक मावशीची मायेने विचारपूस करायचे आणि पाठ फिरवून पुस्तक उघडायचे. ती कठड्यावर बसून होती. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि त्या पुस्तकवाल्यांचा मला मनापासून राग आला.

एवढ्यात गर्दीतून होस्कुल्दुर एक मेंढी ओढत आला आणि तिची पाठ मावशीकडे करून उभा राहिला. "ही कुणाची, सांग."

"उजवा शेंडा कापलेला," मावशी म्हणाली.

"आणि डावा मी बघितलाय. कोरा आहे. तुझीच."

मावशीने हातमोजा काढला. मेंढीच्या कपाळावरून हात सरकवत सरकवत ती पलीकडच्या कानापर्यंत पोचली आणि कान बोटांत धरून चाचपू लागली. आजूबाजूचे सगळे थांबले.

"मागून खाच आहे," ती म्हणाली. "तुझी मेंढी. होस्कुल्दुर, डोकं माझं उघडलं होतं, अक्कल तुझी गेली का?"

"परीक्षा घेत होतो," तो पुटपुटला आणि मेंढी घेऊन निघाला. या एका खाचेपायी अठरा वर्षं भांडलेल्या माणसाला ती दिसली नसेल? मेंढी त्याला तिच्या पदरात टाकायची होती. मला ते कळलं, मावशीलाही कळलं असणार, कारण तो गेल्यावर तिने बाहीने डोळे पुसले आणि वाऱ्याला शिव्या घातल्या.

तेवढ्यात पलीकडच्या खोऱ्यातले दोघे एकच मेंढी दोन बाजूंनी ओढत, तावातावाने भांडत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"डावा कान माझ्या हातात द्या," मावशी म्हणाली, "आणि दोघंही गप्प बसा."