पनवती

बाबा दुसऱ्याच्या पॉवरलूमवर दोन-दोन शिफ्ट मारायचे, तरी महिनाअखेरीला आमची डाळ पातळच. मग त्यांनी कामतघरात खोलीला लागून असलेल्या शेडमधले दोन जुने लूम भाड्याने घेतले. त्याच आठवड्यात मी जन्मले आणि त्याच आठवड्यात लूमची मोटार जळाली. आमच्याकडेच राहणारी आत्या म्हणाली, "पनवती आली." झालं, तेच नाव पडलं.

लूमवर नवा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढला की जुन्या सुताला नवं सूत तार-तार गाठ मारून जोडतात, नारळ फोडतात, मग बटन दाबतात. नारळ फोडायच्या आधी मला घराबाहेर काढायचे. मी समोरच्या ओट्यावर कान टवकारून बसायची. खटखट ऐकू आली की आत. अजूनही शेजारचा लूम अचानक थांबला की मी बसल्या जागची बाहेर जायला उठते.

कॉलेजात गेले आणि तो शब्द डोक्यात घोळायला लागला. शेजारच्या गुजराती काकींना विचारलं.

"पनोती? शनीची अडीच वर्षं गं. बसते नि उतरते."

लायब्ररीत जाऊन खात्री केली. शब्द होता काळाचा, शनीच्या फेऱ्याचा. तो माणसाला कुणी चिकटवला? बाजूच्या शेडमधला कारागीर तर लूममध्ये अडकलेल्या धोट्यालाही "पनौती साली" म्हणायचा.

शेवटच्या वर्षाला सूत महागलं, लूम आठवडा-आठवडा बंद. आत्याने वज्रेश्वरीकडचं स्थळ आणलं. "उजवून टाक रे पोरीला. पनवती गेली की लूम चालतील." परीक्षा तोंडावर होती. मला सोसेना.

"आत्या, पनवती अडीच वर्षांची असते. मी वीस वर्षांची आहे."

"मग साडेसाती असशील!"

बाबांना हसू आलं. पण स्थळाला 'नाही' काही म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी बीम आला. गाठी मारून झाल्या, नारळ निघाला, तशी मी सवयीने बाहेर जायला उठले.

"कुठं चाललीस?" बाबा म्हणाले. "आज बटन तू दाब."

मी बटनावर बोट ठेवलं. दाबलं. खटखट सुरू झाली आणि नारळाचं पाणी वाळायच्या आत तार तुटली. बाबांनी लूम थांबवला.

"बघितलंस?" आत्या दारातूनच.

बाबा वाकून तुटलेलं टोक शोधत होते. "बाय, तार रोज तुटते. ही भाईर बसायची तवाबी तुटायचीच. तू आत येऊन कदी बघितलंस न्हाय." त्यांनी गाठ मारली, माझ्याकडे पाहिलं. "दाब परत."

त्याच संध्याकाळी स्थळाला नकार गेला. मी परीक्षा दिली आणि बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.