तीस अंश आणि दीड वीत

"काका, हे परत घेऊन जा. कोन चुकलाय," सर म्हणाले.

सरावलीला माझा एक लेथ आहे, लोखंड कातायचं मशीन. त्याआधी बोईसरच्या कारखान्यांत टर्नर म्हणून उमर गेली, पण माझा जॉब कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही. आणि इथे पालघरच्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये, पोराटोरांसमोर सर मी बनवलेल्या लाँचरला नावं ठेवत होते. तो परत न्यावा लागला असता तर सरावलीत तोंड कुठे दाखवलं असतं?

लाँचर म्हणजे स्प्रिंग बसवलेली तिरकी नळी. टेबल टेनिसचा बॉल आत घालायचा आणि खटका ओढायचा. बॉल कमान करून जातो आणि पावडर पसरलेल्या ट्रेमध्ये पडतो. नळीच्या तोंडाशी वेग मोजणारा सेन्सर. वेग आणि कोन कळला की बॉल कुठे पडणार ते सूत्रावरून निघतं. तिथे सरांनी खूण केली होती. बॉल दर वेळी दीड वीत अलीकडे.

मी पिशवीतून कोन मोजायचा प्रोट्रॅक्टर काढून नळीला लावला. "बघा, तीस. केसभर इकडंतिकडं नाय."

"मग तुमचा प्रोट्रॅक्टर चुकीचा असेल."

"सर, मला काय ते बोला. हत्याराला बोलू नका!"

कोपऱ्यात नव्याने लागलेल्या मॅडम पेपर तपासत होत्या. त्या उठून आल्या. "सर, कोन बरोबर असेल. बॉलला हवा अडवतेय. आपल्या सूत्रात हवा धरलेलीच नाही."

बाई माझ्याच बाजूने बोलत होत्या, तरी मला राग आला. पंखे मी बंद केले होते. खिडक्यांच्या फटींत कागद मीच कोंबला होता.

"हवा कुठून येनार? सगळा बंदोबस्त मी केलाय."

"काका, वारा बंद केलात. हवा खोलीत आहेच की. आपण श्वास घेतोय ना?"

"मग काय, श्वासानं बॉल थांबतो?"

"थांबत नाही, मंदावतो. विहिरीतलं पाणी हलत नसलं तरी पोहताना अडवतं ना?"

"पानी दिसतं. तुमची हवा दाखवा."

सर हसले. "मॅडम, तुमचं अशीलच तुमच्यावर उलटलंय."

मॅडम हसल्या नाहीत. "काका, ह्याच बॉलला भोक पाडा. आत वाळू ठासून भरा. बॉल तोच, नळी तीच, फक्त वजन वाढवू. कोन चुकला असेल तर हाही तसाच चुकेल."

हे मला पटलं. कारखान्यातही बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात. मी ड्रिलने भोक पाडलं, वाळू भरली, मेणाने बंद केलं. जड बॉल कमी वेगाने सुटतो, म्हणून मॅडमनी सेन्सर बघून नवी खूण केली. खटका मी ओढला.

बॉल खुणेच्या बोटभर अलीकडे पडला. पुन्हा ओढला. पुन्हा तिथेच.

सर वाकून बघत होते. "आणि हे बोटभर?"

"ते हवेचं," मॅडम म्हणाल्या. "जड बॉलला ती फार मागे ओढू शकत नाही. हलक्याला दीड वीत ओढते."

सरांनी ट्रेमधला बॉल उचलून हातात तोलला. मग म्हणाले, "काका, लाँचर राहू दे. तो वाळूचा बॉलही ठेवून जा." आता तिथली पोरं दोन्ही बॉल उडवतात. आधी हवा सोडून हिशेब करतात, मग बॉल जितका अलीकडे पडला तितकं अंतर हवेच्या नावावर टाकतात.

मॅडमचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. नव्या नोकरीत मोठ्या सरांना उलट बोलायची काय गरज होती? तरी बोलल्या. मी त्यांच्यावरच खेकसलो, तरी मागे हटल्या नाहीत. मी सहसा कुणाचे उपकार मानत नाही. त्यांचे मानतो, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलंय.

आपलं काम चोख असलं तरी बाजू मांडायला कुणीतरी लागतं. आणि ते माणूस बोलत असताना आपण तोंड बंद ठेवायचं असतं.