नसरीननं दाखवलेला पाइप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर एकतीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि स्पष्ट सांगणार आहे — बोलायची भीती मला कधीच नव्हती. शिक्षक होतो मी, भूगोलाचा. आवाज खणखणीत, भारताचा नकाशा फळ्यावर न बघता काढायचो. निवृत्त झालो तरी खारबावपासून कशेळीपर्यंत कुठेही पर्यावरणावर भाषण ठेवायचं म्हटलं, की अजून मलाच बोलावतात.

माझा हातखंडा विषय लोकसंख्या. त्यावर मी कधी अडखळलो नाही. का अडखळावं? सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. आधी भिवंडीतले कापडाचे लूम वाढले, मग वडप्याच्या बाजूनं गोदामं सरकत आली, आणि त्यांच्यामागून माणसं — उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून, आमच्याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून. इतकी माणसं पाणी कुठलं पिणार, घाण कुठे टाकणार? प्रश्न खोटे नव्हते. आजही नाहीत. पण —

खोल्यांपासून सांगतो, म्हणजे नीट कळेल.

आमच्या घरामागे, गावतळ्याला लागून, वडिलांची थोडी जागा होती. आलेल्या माणसांना डोक्यावर छप्पर हवं होतं, मला भाडं हवं होतं. मी बैठी चाळ बांधायला काढली — अकरा खोल्या आणि टोकाला दोन संडास. गवंडी म्हणाला, ‘सर, संडासच्या टाकीचं पाणी जिरवायला शोषखड्डा लागेल. या कोपऱ्यात खोदतो.’ त्या कोपऱ्यात बारावी खोली बसत होती. मी कोपरा बघितला, मग तळं बघितलं. बारावी खोली झाली. टाकीतून एक पाइप निघाला आणि पाणकणसांच्या आडून तळ्यात उतरला. वर माती टाकली, मातीवर जास्वंद लावली. पाणी कुठल्या बाजूला वाहतं, हे भूगोलाच्या मास्तरला कळत नव्हतं? कळत होतं. म्हणूनच पाइप बरोबर उताराला टाकला.

सात पावसाळे गेले. तळं हिरवं पडलं, मग वास यायला लागला. मरळ मासे पोट वर करून काठाला लागले. जलपर्णी इतकी माजली, की बायका धुण्याची बादली बुडवायला काठीनं जागा करायच्या. गावात कुजबुज सुरू झाली. आणि मी — मी मुलांना घेऊन तळ्यावर गेलो.

नववीचा वर्ग, पर्यावरणाचा प्रकल्प. जानेवारीतली सकाळ होती. मुलांनी काठावर बसून वह्या उघडल्या आणि मी सांगायला लागलो : ‘तळे प्रदूषित होण्याचे प्रमुख कारण, वाढती लोकसंख्या.’ पोरं लिहीत होती. पण नुसतं सांगून मुलांना समजत नाही, उदाहरण द्यावं लागतं, असं मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगायचो. तेव्हा मी उदाहरण शोधलं, आणि माझी नजर नसरीनवर थांबली.

नसरीन माझ्याच चाळीत राहायची, सातव्या खोलीत. वडील, रफीकभाई, भिवंडीत लूमवर होते. घरी हिंदी बोलायची, पण आमच्या गावात वाढलेली, मराठी शाळेतली. मराठी गावच्या पोरांसारखीच बोलायची, ‘ळ’चा ‘ल’ करून. नकाशावाचनात तिच्या तोडीचं त्या वर्गात कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मी तिला उभं केलं. विचारलं, ‘तुझ्या घरात किती माणसं?’

‘नऊ, सर.’

वर्ग हसला. मी हसू दिलं. हे सांगताना वाटतं, इथंच थांबलो असतो तरी पुरे झालं असतं. पण मी पुढे गेलो. म्हणालो, ‘बघा. एका खोलीत नऊ माणसं. अशा खोल्या गावभर. मग या तळ्याचं दुसरं काय होणार?’ आणि हे बोलणारा मी कोण? आम्ही आठ भावंडं. आठही जण त्याच पाण्यात पोहायला शिकलो होतो.

नसरीन खाली बसली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला आजही सांगायचं आहे. ती उद्धट नव्हती. प्रकल्प नीट लिहायचा म्हणून तिनं विचारलं, ‘सर, घाण येते कुठून, तेपन लिवायचं काय? आमच्या संडासचा पाइप हाय ना, तो हितंच निघतो.’ आणि तिनं बोट केलं.

सगळ्या वर्गानं तिकडे बघितलं.

‘तो पावसाच्या पाण्याचा पाइप आहे,’ मी म्हणालो.

‘पन सर, आता पावसाला न्हाय ना,’ ती म्हणाली.

पाइप वाहत होता. चाळीस मुलं, आणि पाणी पडल्याचा तो आवाज. कुणी हसलं नाही. मी तिची वही मागून घेतली, त्या पानावर तांबडी फुली मारली, खाली ‘विषयांतर’ असं लिहिलं आणि वर्ग शाळेत परत नेला.

शुक्रवारी लूमला सुट्टी असते. त्या शुक्रवारी मी सातव्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि रफीकभाईंना सांगितलं, की चाळीची दुरुस्ती काढायची आहे, आठवड्यात खोली खाली करा. ते उठून उभे राहिले. म्हणाले, ‘सर, बच्ची की परीक्षा है. मार्चपर्यंत ठहर जाओ. ये चार लडके मेरे भाई के हैं, इनको आज ही कहीं और भेज देता हूँ. हम पाँच ही रहेंगे.’

म्हणजे घर पाच माणसांचं होतं. ते दोघं नवराबायको, नसरीन आणि दोन लहान भाऊ. बाकीचे चार पुतणे, लूमवर दोन पाळ्यांत जाणारे, एक जोडी उठली की दुसरी त्याच अंथरुणावर आडवी व्हायची. सहा वर्षं ते माझे भाडेकरू होते, मी कधी विचारलं नव्हतं. आता कळलं, तरीही मी ‘नाही’ म्हणालो. ‘पाच असो की नऊ, दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती.’ आत नसरीन भांडी घासत होती. तिनं हात थांबवले, पण बाहेर आली नाही. तिला कळलं असेल का, की हे कशामुळे? चौदा वर्षांची मुलगी. कळणारच.

पाचव्या दिवशी टेम्पोत सामान भरून ते गेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी रफीकभाई आले, तेव्हा वर्गशिक्षक मीच होतो. कारणाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पालकांचे स्थलांतर’. स्टाफरूममध्ये हळहळ झाली, मुलगी हुशार होती म्हणून. मी म्हणालो, ‘या लोकांचं असंच. आज इथं, उद्या तिथं. मुलींच्या शिक्षणाची पर्वा कुणाला?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या घरानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, मुलीच्या परीक्षेपुरती मुदत. आणि मी हे बोललो.

बायकोनं एकदा विचारलं, ‘दुरुस्ती कधी काढताय?’ मी ‘बघू’ म्हणालो. महिन्याभरात त्या खोलीत गोदामातले सहा हमाल राहायला आले.

तळ्यासाठी ग्रामसभा झाली. मी बोललो. भाडेकरूंनी तळ्यावर कपडे धुऊ नयेत असा फलक लागला, मजकूर माझा. तळं काही सुधारलं नाही. शेवटी त्यात मातीचा भराव पडला, आणि आता तिथं कंटेनर उभे असतात.

दोन वर्षांपूर्वी वडप्याच्या एका गोदामात वृक्षारोपण होतं. प्रमुख पाहुणा मी. मला आतून नेत होते, तेव्हा पार्सलच्या सरकत्या पट्ट्यापाशी गळ्यात ओळखपत्र लावलेली एक बाई काम थांबवून पुढे आली. ‘सर, वळखलं काय? नसरीन.’

मी ओळखलं होतं. ती बोलायच्या आधीच ओळखलं होतं. ‘हो, हो,’ म्हणालो. पुढे किती शिकलीस, हे विचारायचा धीर झाला नाही. तिनंच विचारलं, अगदी माहेरची चौकशी करावी तसं, ‘सर, आपलं तलं हाय का अजून?’

आजूबाजूला कुणी नव्हतं. माझ्याबरोबरचा माणूस फोनवर बोलत पुढे गेला होता. फक्त ती आणि मी. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘नाही राहिलं गं. माणसं फार वाढली.’

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘हां सर,’ आणि परत कामाला लागली.

बाहेर मंडप होता, खुर्च्या भरल्या होत्या. मी अर्धा तास बोललो. चांगलं बोललो.