खळीचा डबा

साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मी शिपाई हुतो. शाळेत गेलो ते फकस्त मास्तरांची शेळी सोडायला. तरीबी पंख्याखाली माझी जागा पक्की हुती, कारन मला खळ करता यायची.

त्याचं असं हुतं. कोनाचा ऊस कोनत्या तारखेला तुटनार, त्याची यादी कॉम्प्युटरवर निघायची. यादी रुंद, कागद अरुंद. शेतकऱ्याचं नाव एका कागदावर यायचं आन् तोडीची तारीख दुसऱ्यावर. मी मैद्याची खळ शिजवून दोन्ही कागद शेजारी शेजारी डकवायचो, रेघंला रेघ जुळवून, आन् फळ्यावर लावायचो. वाचता येत न्हवतं, पन रेघ जुळवायला शाळा कशाला लागती.

एकदा रेघ एक घर खाली सरकली. तोडीच्या गाड्या भलत्याच्याच वावरात जाऊन उभ्या राह्यल्या. लोक ऑफिसात भांडायला आले, त्यात समद्यात पुढं माझा सासरा.

कॉम्प्युटरवाला ऑपरेटर आमच्या गावचा जावई. मी त्याला दाजी म्हनायचो आन् माझ्या डब्यातलं अर्दं कालवन रोज त्याचं. त्या दिवशी त्यो लई मायेनं म्हनला, "पाव्हनं, नेमकं कुठं अडतंय, समदं सांगा बरं."

मी मांडी घालून समदं सांगितलं. नाव आन् तारीख एकाच कागदावर पायजे. रकान्यांची नावं पह्यल्याच पानावर येत्यात, पुढच्या पानावर कशाचं काय कळत न्हाई. आन् एक यादी काढायला तुमी दहा ठिकानी दाबत बसता.

दाजीनं आठ दिवसांत केलं. यादी आडवी घातली, समदे रकाने एका कागदात बसवले, त्यांची नावं दर पानावर आनली आन् पडद्यावर एक चौकोन ठेवला. तेवढा दाबला की यादी भाईर.

साहेबांना दाखवायला मलाच बोलावलं. दाजी म्हनला, "साहेब, ह्ये पाव्हनं अंगठेबहाद्दर. ह्यांना जमलं तर कोनालाबी जमंल." मी फुगलो. टोपी नीट केली, माऊस दोन्ही हातांनी धरला आन् दाबलं. यादी आली. मी पेढे आनायला निघालो हुतो.

साहेब म्हनले, "मग आता ह्यांना काम काय राह्यलं?"

मी दाजीकडं पाह्यलं. त्यो पडद्याकडं बघत म्हनला, "तेच म्हनत हुतो, साहेब. वजनकाट्यावर मानूस कमी हाय."

दुसऱ्या दिवसापास्नं मी काट्यावर, धुळीत, उसाच्या गाड्यांना शिट्ट्या मारत. डबा मातर सवयीनं दोघांचाच आनायचो. एकट्यानंच खायचो आन् पोट बिघडून घ्यायचो.

दोन हप्त्यांनी दाजी काट्यावर आला. एका कागदात कोंबल्यानं अक्षरं मुंगीएवढी झाल्ती. म्हातारी मानसं फळ्याला नाक लावून उभी राह्याची. साहेबांनी दाजीलाच यादी पह्यल्यासारखी मोठी काढून डकवायला सांगितल्ती.

"पाव्हनं, राग न्हाई ना?" म्हनला. "खळीला पानी किती घालता वो? माझ्या नुसत्या गुठळ्या हुत्यात."

मला वाटलं, ह्यो मला न्यायलाच आलाय. मी समदं सांगून टाकलं. पानी किती, जाळ कसा, झुरळांनी कागद खाऊ ने म्हनून मोरचूद किती. खळीचा डबा कपाटामागं हाय, तेबी. त्यानं समदं कागदावर लिहून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आन् सायकलवर बसला.

मी मागनं वरडलो, "दाजी, रेघंवर ध्यान ठेवा."

त्यानं मागं न बघता हात हालवला. आजबी वाटतं, निदान मोरचूद तरी सांगायचा न्हवता.