कंबरेचं निमित्त

माझ्या पोटातलं सगळं माझ्या सख्ख्या बहिणीला ठाऊक असतं. हे एक सोडून. हे मी तिलाही कधी सांगितलेलं नाही, आणि देवापुढे हात जोडताना – खोटं कशाला बोलू – या गोष्टीला मी वळसाच घालते.

गोष्ट एका गाडीची आहे. हसाल तुम्ही. गाडीचा कसला आलाय कबुलीजबाब? पण थांबा जरा.

सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, एक जुनी सेडान होती. लग्नाआधी घेतलेली, सेकंडहँड, गडद निळी. दर रविवारी जवळच्या राई गावातल्या एका गॅरेजात जाऊन त्याने तिला हळूहळू घडवलं – रुंद टायर, रेसच्या गाडीसारख्या सीटा, घुमणारा सायलेन्सर, आणि स्प्रिंगा बदलून पार जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली. लोक पोरांचे लाड करतात. आम्हाला पोर नाही, त्याने हिचे केले. भाईंदर पश्चिमेला आमच्या गल्लीत ती वळली की वर तिसऱ्या मजल्यावर मला आवाजाने कळायचं, आणि मी चहाचं आधण ठेवायची. फार छान होतं ते, खरंच.

फक्त एक होतं – स्पीडब्रेकर. आमच्याकडे त्यांना काय तोटा! मी आत बसलेली असले की गाडीचं पोट घासायचं. मग सुहास थांबायचा आणि लाडात म्हणायचा, "उतर गं जरा." मी उतरायची, तो गाडी तिरकी करत करत पलीकडे न्यायचा, मी चालत जाऊन पुन्हा बसायची. घर ते स्टेशन, तीनदा उतर, तीनदा चढ. रिक्षावाले ओरडायचे, "भाभी, पैदल जल्दी पहुंचोगी!" मीही हसायची. मजाच वाटायची हो पहिली काही वर्षं.

मग तो साखरपुडा आला. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा, डोंगरीकडच्या एका हॉलवर. मी पैठणी नेसलेले, आणि नेमका गेटातच स्पीडब्रेकर. दोन्हीकडची माणसं स्वागताला उभी. "उतर गं जरा." उतरले. आणि मावशी – माझी सख्खी मावशी – सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गं, धक्का मारायला आणलंय का तुला?" हशा पिकला. मी हसले. सुहासही हसला, गाडी लावून पळत आला आणि माझ्या निऱ्यांवरची धूळ स्वतःच्या रुमालाने झटकली. तेवढ्या लोकांत! दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सुमारास गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती. एक तर पुन्हा पासिंग करून इंजिनाचं काम काढायचं, नाहीतर ही देऊन नवी घ्यायची – तीही स्पोर्ट्सच, पण ऑटोमॅटिक, शांत, कुठल्याही स्पीडब्रेकरवरून ऐटीत जाणारी. नवी चालवून आला आणि म्हणाला, "पळते झकास. पण माझ्याशी बोलत नाही गं." आणि मग म्हणाला, "तू सांग. तू म्हणशील ती."

तू म्हणशील ती! सरळ बोलायला काय झालं होतं मला – की चारचौघांत उतरताना लाज वाटते? रागावला असता का तो? छे. हसवलं असतं, कदाचित स्प्रिंगा उंच करून घेतल्या असत्या. पण मग मी लोकांच्या हसण्याला भिणारी ठरले असते. त्याच्या नजरेत मी तशी नव्हते ना. त्याच्या वेडात सामील असलेली हौशी बायको होते मी. ते मला सोडवत नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "कंबर दुखते रे माझी त्या गाडीत. डॉक्टरांनी बंद सांगितलीय."

कुठले डॉक्टर? मी कुणाकडे गेलेच नव्हते. माझी कंबर ठणठणीत होती. आजही आहे.

त्याचा चेहरा पडला – गाडीसाठी नाही, माझ्यासाठी. "आणि मी तुला इतकी वर्षं तिच्यात बसवत राहिलो," म्हणाला. आठवड्याभरात गाडी वसईच्या एका गृहस्थांकडे गेली.

याला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत या माणसाने मला पाण्याची बादली उचलू दिलेली नाही. बाजारातून येताना सगळ्या पिशव्या त्याच्या हातात, मी मोकळी – शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस बाई. दिवाळीत रांगोळीला वाकले की पाट घेऊन धावतो. नवी गाडी इतकी जपून चालवतो की मागचे हॉर्न मारून मारून थकतात. किती सोसायचं हो हे प्रेम?

गेल्या महिन्यात वसईहून फोन आला. ते गृहस्थ गाडी विकतायत, म्हणाले पहिला हक्क तुमचा. सुहास एकटाच बघायला गेला. परत आला तो लग्नातल्यासारखा उजळलेला. "तशीच ठेवलीय गं त्यांनी, एक ओरखडा नाही!" मग हात धुतले, पुसले, पुसतच राहिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हल्ली कंबर कशी आहे गं तुझी?"

हजारदा विचारलंय त्याने हे. असं कधीच नाही. मला कळलं, तो काय विचारतोय ते. आणि खरं सांगायचीही गरज नव्हती हो! "आता बरी आहे" – एवढंच म्हणायचं होतं. खोटं पोटातच राहिलं असतं आणि गाडी घरी आली असती.

आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? ते गेट, आणि हसणारी मावशी.

"आहे तशीच," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "नाही हो, आमच्याकडे नाही जमणार. द्या तुम्ही दुसऱ्या कुणाला." कारण सांगितलं नाही, माझं नाव मध्ये आणलं नाही. फोन ठेवला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "उभी कशाला राहतेस? बस."

मी बसले. बसताना – सवयीने – तोंडातून "आई गं" निघालं. त्याने पटकन हात पुढे केला, आणि मी तो धरला.