'आणि'मधला 'जर'

त्र्यंबकच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त इंग्रजीच्या बाई बसल्या होत्या. मी काही न विचारताच त्यांनी शिकवायला घेतलं.

"पूर्वी इंग्रजीत 'अँड'चा अर्थ 'जर' असाही व्हायचा." त्यांनी धुळकट काचेवर बोटाने इंग्रजी अक्षरांत 'and' लिहून अंगठ्याने 'd' पुसला. "पुढे एवढंच उरलं. मग तेही गेलं."

"अरेरे," मी म्हणालो.

"गेलं कुठे? आमच्या घरी रोज चालतं. यांना सांगते, चहा ठेवा आणि मी उठते."

पुढच्या सीटवरून त्यांचे यजमान मागे न वळता म्हणाले, "चाळीस वर्षं ठेवतोय."

त्र्यंबक आलं. बस रिकामी झाली तरी बाई हलेनात. यजमानांनी शांतपणे थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून पुढे केला, आणि बाई उठल्या.