न तपासलेल्या बियाण्याला ‘पास’

शेषेरावमामांचा राजीनामा टाइप होऊन टेबलावर पडला होता. फक्त सही बाकी होती. मामांनी कॉम्प्युटरला कसं फसवलं, ते शोधायला मला बोलावलं होतं.

ईट गावाजवळच्या, शेतकरी सभासदांच्या एका बियाणे कंपनीत मामा स्टोअरकीपर. तिथं सोयाबीनच्या प्रत्येक लॉटची, म्हणजे एकत्र भरलेल्या पोत्यांची, उगवण तपासतात. शंभरातले सत्तर दाणे उगवले तरच मी फॉक्सप्रो या संगणकाच्या भाषेत लिहिलेला जुना प्रोग्राम ‘पास’चं लेबल छापायचा. त्या वर्षी एका लॉटला लेबल लागलं, पोती गावोगाव गेली. एका सभासदानं दरवर्षीसारखे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. उगवले तेवीस. पेरणी आठ दिवसांवर आली होती.

“ह्यांनी नमुना लॅबला दिलाच नाही, अन् लेबल काढलं,” मॅनेजर म्हणाले. “कॉम्प्युटर खोटं बोलतो व्हय?”

“साहेब, नमुना म्या बांधून ठिवला होता. लॅबवाला आलाच न्हाय. लेबल निघालं, मला वाटलं झाली तपासणी.” सकाळपासून तेच सांगून मामा थकले होते.

मी कोड उघडला. स्वतःचाच जुना कोड वाचणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. फंक्शन म्हणजे प्रोग्रामनं विचारलेला प्रश्न आणि रिटर्न व्हॅल्यू म्हणजे त्याला मिळालेलं उत्तर. माझ्या फंक्शनला लॉट नंबर द्यायचा. तो तपासणीच्या यादीत सापडला तर आकडा बघून ‘होय’ किंवा ‘नाही’. सापडलाच नाही तर? त्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि फॉक्सप्रोची खोड अशी, की फंक्शननं काहीच उत्तर दिलं नाही तर तो ‘होय’ धरतो. इतकी वर्षं हे उघडं पडलं नाही, कारण कुठला नमुना कधी तपासायचा राहिलाच नव्हता.

एक ओळ घातली असती तर काम संपलं असतं. ‘डेटा करप्ट होता’ म्हटलं की आमच्याकडे काहीही खपतं. मला खरंच घरी जायचं होतं. पण मामा पेनचं टोपण काढत होते.

“सही करू नका मामा. चूक माझी आहे.”

मॅनेजरांना पटेना. मी खुर्चीवरून उठले. “मनाला येईल तो लॉट नंबर टाका.”

त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर टाकला. प्रिंटर कुरकुरला. मोटारसायकल पास झाली.

त्यांनी लेबल काढून घेतलं. मग राजीनामा फाडला. पोती परत आणायला टेम्पो घेऊन मामाच गेले, आणि पेरणीच्या आत सगळी आली. पुढच्या वर्षी प्रोग्रामचं काम मात्र दुसऱ्याला दिलं गेलं. वाईट वाटलं, पण कंपनीचं चुकलं असं म्हणवत नाही.

आता कुठलंही फंक्शन लिहायला घेतलं की मी शेवटची ओळ आधी लिहिते. ‘नाही.’ बाकीचं नंतर.